करारात उपकरण म्हटलंय

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही काढली. साडेपाचला उठणे, कोणावर न चिडणे, रोज एक नवी गोष्ट शिकणे. आज सातला जाग आली, पण आज वहीच सुरू करायची होती, तेव्हा आजचा दिवस धरायचा नाही.

शुक्रवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, हे काम महिनाअखेर मार्गी लागू द्या, मग तुमच्यासाठी स्वतंत्र जागा आणि बसण्याची नीट व्यवस्था करायचं माझ्या मनात आहे. एकोणीस वर्षं या वाक्याची वाट बघतोय. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत चीफ आर्किटेक्टची काचेची केबिन दोन वर्षं रिकामी आहे, हे शिपायालासुद्धा माहीत आहे. साहेबांनी केबिन असा शब्द वापरला नाही. मोठी माणसं सगळं तोंडाने बोलत नाहीत.

काम असं. एक संस्था आजारी माणसांना घरपोच उपकरणं देते. वॉकर, व्हीलचेअर, कुबड्या, कमोड खुर्च्या. मागणी आली की काय पाठवायचं ते आमचं सॉफ्टवेअर गोडाऊनला सांगणार. या आठवड्यापासून एका गोडाऊनवर खऱ्या मागण्या सुरू.

योगायोग बघा. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, परवा घरी आल्या. (घर त्यांचंच आहे. पण कर्ता पुरुष मी.) डॉक्टरांनी बजावलंय की वॉकर धरून लगेच चालवा. बायको कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वॉकर आणायला निघाली होती, मी थांबवलं. जिचा जावई ही सिस्टीम बांधतोय तिने दुकानातून वॉकर आणायचा म्हणजे माझ्या तोंडाला काळं. शब्द दिला: शुक्रवारपर्यंत उपकरण दारात.

३ मार्च, मंगळवार. दुपारी

साडेसातला उठलो. कालच्यापेक्षा उशीर, पण झोप गाढ होती.

आज वॉकरचा भाग लिहिला. माझ्या डिझाइनमध्ये 'भांडार' नावाचा एक इंटरफेस आहे. इंटरफेस म्हणजे करार. करारात एकच कलम: 'दे' म्हटलं की उपकरण मिळेल. मग प्रत्येक वस्तूचा एक क्लास, म्हणजे कोडची एक फाईल, आणि प्रत्येक क्लासने तो करार पाळायचा. कमोड खुर्च्यांचा क्लास तयार होता. त्याची फाईल कॉपी केली, वर वॉकरचं नाव घातलं, सेव्ह. चार मिनिटं. हल्लीची पोरं याला दोन दिवस लावतात आणि वर मीटिंग घेतात.

लिहिलेलं तपासायचं काम कंपायलर नावाच्या प्रोग्रामचं. तो एक शब्द बोलला नाही.

लगेच सासूबाईंची मागणी नोंदवली. पहिला मान घरच्या माणसाचा.

४ मार्च, बुधवार. दुपारी ३

मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी मी शब्द टाकला म्हणून या ऑफिसात चिकटला, आणि आता माझं कोड तपासतो.

चहाच्या मशीनपाशी गाठलं. म्हणाला, भावजी, वॉकरचा क्लास 'मी उपकरण देईन' असं का म्हणतो? सरळ 'मी वॉकर देईन' म्हणू द्या की. मी म्हटलं, करारात उपकरण म्हटलंय. तर म्हणतो, प्रत्येक वॉकर हे उपकरणच असतं, त्यामुळे करार मोडत नाही. मोघम कबूल करावं आणि नेमकं द्यावं, हे चालतं. उलटं चालत नाही, म्हणजे वॉकर कबूल करून 'कुठलंही उपकरण' हातात ठेवता येत नाही. याला म्हणे कोव्हेरियन्स म्हणतात, आणि इतकी वर्षं भाषेत ही सोय आहे.

मी त्याला माझ्या 'कोडिंगची शिस्त' या चौऱ्याऐंशी पानी पुस्तिकेतला सातवा नियम ऐकवला: करारात जो शब्द, तोच शब्द. पुस्तिका मी अकरा वर्षांपूर्वी लिहिली. एक अक्षर बदलावं लागलेलं नाही. (ती कोणी उघडत नाही हा वेगळा मुद्दा.)

तरी मोठ्या मनाने माझ्या मशीनवर करून पाहिलं. 'उपकरण' खोडलं, 'वॉकर' लिहिलं. एकोणिसाव्या ओळीखाली ताबडतोब लाल रेघ. सोबत दोन ओळींचा निरोप. वाचला नाही. लाल रंगात लिहिलेलं मी वाचत नाही.

याहून वेगळा पुरावा काय हवा? चालती गाडी, मेव्हण्याची युक्ती लावली आणि बंद पडली. परत 'उपकरण' केलं, रेघ गेली. फाईलला कुलूप घातलं, आता माझ्याशिवाय तिला कोणी हात लावू शकत नाही. अनुभव म्हणतात तो हा.

आजची नवी गोष्ट: कोव्हेरियन्स चालत नाही.

६ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

शब्द पाळला. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. बेल वाजली, उपकरण दारात.

कमोड खुर्ची आली. मध्ये भोक, खाली भांडं.

बायको खुर्चीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघत राहिली, मग परत खुर्चीकडे. दोन्हींत तिला काय साम्य दिसलं कोण जाणे. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, जावईबापू, मला चालायचं होतं, तुम्ही बसवलंत.

गोडाऊनवाल्याला फोन करून चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, चिठ्ठीवर ज्या वस्तूचा नंबर होता तीच पाठवली. म्हटलं, आधी वाचायला शिक. फोन ठेवला. न चिडण्याचा संकल्प घरच्या माणसांपुरता आहे.

परत मागणी नोंदवली.

१० मार्च, मंगळवार. सकाळी

दुसरी कमोड खुर्ची.

सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, जोडी झाली, तुम्हीही या बसायला. बायको हसली. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या विनोदावर ती अशी हसल्याचं आठवत नाही.

बायकोने परत मेडिकलचा विषय काढला. दोन मिनिटांचं काम आहे म्हणाली. तिला शांतपणे समजावलं की प्रश्न वॉकरचा नाही, विश्वासाचा आहे. वीस तारखेला संस्थेच्या बाईंसमोर डेमो. तेव्हा मी सांगणार की माझ्या स्वतःच्या घरी याच सिस्टीममधून उपकरण आलं. दुकानातला वॉकर घरात असताना मी असं कोणत्या तोंडाने बोलू? बायको म्हणाली, आईने काय तुमच्या डेमोपर्यंत अंथरुणात पडून राहायचं? मी म्हटलं, फक्त दहा दिवस. तिने ताट जरा जोरात ठेवलं.

तिसरी मागणी. या वेळी शेऱ्यात 'कृपया वॉकरच पाठवावा' असं लिहिलं. सिस्टीम शेरा वाचत नाही हे नंतर आठवलं. तो भाग मीच वगळला होता.

१२ मार्च, गुरुवार

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. सासूबाईंचा पाय वाकवून बघितला. सासूबाई ओरडल्या. बाई म्हणाल्या, बारा दिवस झाले, अजून उभ्या नाहीत? खुबा आखडायला लागलाय. वॉकर कुठाय?

बायकोने माझ्याकडे बोट केलं. बाई दोन खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, यांना पोटाचा त्रास आहे का? उपकरण प्रक्रियेत आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सांधा प्रक्रियेसाठी थांबत नाही. बायकांना टाळ्या घेणारं बोलायची सवय असते.

साडेपाचला उठणे अजून जमलेलं नाही. सासूबाई पहाटे कण्हतात, त्यामुळे माझी झोप पुरी होत नाही. या घरात माझा विचार कोणी करत नाही.

१४ मार्च, शनिवार. दुपारी

मेव्हणा घरी आला. हातात नवा कोरा वॉकर.

दारातच अडवला. आईला बघायला आलाय तर ये, पण ते बाहेर. तो म्हणाला, भावजी, आई आहे ती माझी. मी म्हटलं, ऑफिसातलं राजकारण घरात आणू नकोस. सगळं कळतं मला. डेमोच्या आधी माझ्या घरात बाहेरचा वॉकर शिरवायचा आणि साहेबांच्या कानात सांगायचं, असा बेत. मग तो जरा नरमाईने म्हणाला, निदान त्या फाईलचं कुलूप काढा, पाच मिनिटं बघू द्या, मला वाटतं कॉपी करताना काहीतरी राहून गेलंय. कॉपी केली हे याला कसं कळलं? नजर ठेवून आहे.

वॉकर त्याच्या गाडीच्या डिकीत परत ठेवायला लावला. आतून सासूबाईंना त्याचा आवाज ऐकू येत होता, त्यांनी दोनदा हाक मारली. मी टीव्ही मोठा केला.

बायको आईच्या खोलीत जाऊन बसली. घरात शांतता आहे. बऱ्याच दिवसांनी पुस्तिका हातात घेतली. सातव्या नियमाखाली दोनदा रेघ मारली.

१६ मार्च, सोमवार

तिसरी खुर्ची. सासूबाई म्हणाल्या, तीन झाल्या, आता सभा भरवा. आवाज पूर्वीइतका खणखणीत नाही, पण जीभ शाबूत आहे.

पहिली खुर्ची भिंतीशी लावली. दुसरीत बायकोने कुंडी ठेवली. तिसरीवर मी इस्त्रीचे शर्ट ठेवतो, उंची नेमकी आहे.

आनंदाची बातमी: गोडाऊनमधून निरोप आला की कमोड खुर्च्यांचा साठा संपत आलाय, लगेच भरावा लागेल. वॉकर मात्र एकही हललेला नाही, छतापर्यंत रचलेत. साहेबांना कळवलं की मागणी वाढतेय, हे यशाचं लक्षण आहे. साहेबांनी अंगठा पाठवला.

केबिनमध्ये टेबल खिडकीकडे तोंड करून लावायचं की दाराकडे, यावर विचार केला. दाराकडे. आत येणाऱ्याला आधी मी दिसलो पाहिजे.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी ४

डेमो झाला. एकंदरीत छाप पडली.

सविस्तर. संस्थेच्या बाई, त्यांची दोन माणसं, साहेब, मेव्हणा. मी वॉकरची मागणी नोंदवून दाखवली. पडद्यावर चिठ्ठी आली: 'उपकरण, एक'. खाली वस्तूचा नंबर. बाईंनी विचारलं, कोणतं उपकरण? मी समजावलं की या पातळीवर आपण तपशिलात शिरत नाही, हेच तर डिझाइनचं सौंदर्य. बाई म्हणाल्या, पेशंट तपशिलातच राहतो.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. तीन आठवड्यांत वॉकरच्या मागण्या एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेळा कमोड खुर्ची. एका म्हाताऱ्या शिंप्याने फोन करून विचारलं होतं की माझं एवढंच उरलंय असं डॉक्टरांनी कळवलंय का. एका बाईंच्या सुनांमध्ये, ही भांडी घासायची कोणी, यावरून अबोला. कागद वाचताना बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. साहेबांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मी शांतपणे म्हटलं, करारात उपकरण म्हटलंय. खुर्ची हे उपकरण नाही असं इथे कोणी म्हणू शकेल का?

साहेब म्हणाले, कुलूप काढा. काढावं लागलं. मेव्हण्याने सगळ्यांसमोर एकच शब्द बदलला. 'उपकरण' काढलं, 'वॉकर' घातलं. एकोणिसाव्या ओळीखाली लाल रेघ. या वेळी मेव्हण्याने तो लाल निरोप मोठ्याने वाचला: इथे वॉकर द्यायचं कबूल केलंय, आणि तुम्ही कमोड खुर्ची देताय. कॉपी केलेल्या फाईलमध्ये वरचं नाव बदललेलं, आतली ती एक ओळ तशीच. 'उपकरण' एवढंच म्हटलं होतं तोवर कंपायलरला हरकत घ्यायला जागाच नव्हती. खुर्चीही त्यात बसत होती. मेव्हणा म्हणाला, शब्द नेमका असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी मला दिसलं होतं ते.

हे बोलायला नको होतं असं आता वाटतं.

साहेब माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तसं एकोणीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. दुपारी त्यांचा निरोप: सोमवारी पत्र मिळेल. अडचणीच्या प्रसंगी जो डगमगत नाही त्यालाच वर नेतात.

२३ मार्च, सोमवार

पत्र आलं. तेच शब्द. 'आपल्याला नवी जबाबदारी देण्यात येत असून, त्यासाठी स्वतंत्र जागा व बसण्याची व्यवस्था करण्यात येत आहे. तारीख ३० पासून रुजू व्हावे.' पद कोणतं ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज नसते.

बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, जागा म्हणजे कुठली? या बाईचा प्रत्येक गोष्टीत तपशिलाचा हट्ट. भाऊ तशी बहीण.

वॉकर शनिवारीच घरात आला. मेव्हण्याच्या डिकीतला. मी हरकत घेतली नाही, डेमो झालेला आहे.

२५ मार्च, बुधवार

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, उशीर झाला. खुबा पुरता आखडलाय. सासूबाई चालतील, पण आता कायम काठी आणि कायम लंगडत. बायको ओट्याला धरून उभी होती, तिथेच खाली बसली. सासूबाईच तिला म्हणाल्या, रडू नकोस ग, मी तर उभी आहे.

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, काठीसुद्धा उपकरणच आहे, शेवटी उपकरण मिळालंच.

त्यावर बायको जे बोलली ते लिहून ठेवतो, कधी उपयोगी पडेल. म्हणाली, भावाने मला तुमचं ते सगळं समजावलं. मोघम कबूल करून नेमकं दिलं तर चालतं, नेमकं कबूल करून मोघम दिलं तर चालत नाही. लग्नात मला नवरा कबूल केला होता. मिळाला नुसता माणूस. बावीस वर्षं लाल रेघ दिसत होती, मीच वाचली नाही.

उदाहरण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

२७ मार्च, शुक्रवार

काचेच्या केबिनवर पाटी लागली. चीफ आर्किटेक्ट, आणि खाली मेव्हण्याचं नाव. पाटीवाल्याची चूक असणार. त्याला सांगितलं. त्याने कागद दाखवला. वाचता येतं त्याला.

म्हणजे माझी जागा याहून मोठी आहे.

मेव्हणा दारात आला, म्हणाला, भावजी, मी तुमच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला, नाहीतर तेवढंही नव्हतं. मी आभार मानले नाहीत. आईकडे जरा बघा, असंही म्हणाला. मी पाठ केली.

३० मार्च, सोमवार. दुपारी १

साडेपाचला उठलो. महिन्यात पहिल्यांदा. गोडाऊन सातला उघडतं.

हो, गोडाऊन. शहराबाहेर, पत्र्याचं. 'नवी जबाबदारी' म्हणजे त्या एक्केचाळीस कमोड खुर्च्या घराघरांतून परत आल्या की मोजणे, धुतल्यात का बघणे, नंबर जुळवणे. गोडाऊनवाला दारात उभा होता. माझी रुजू होण्याची चिठ्ठी हातात घेतली, सावकाश, एकेक अक्षर लावून वाचली, मग म्हणाला, फोनवर तुम्हीच होता ना, वाचायला शिक म्हणालेले? या. शिकलो.

सकाळच्या गाडीने पहिल्या खुर्च्या आल्या. पहिल्या तीन ओळखीच्या निघाल्या. एकीच्या भोकाच्या कडेला कुंडीच्या मातीचा डाग. तिसरीवर माझे चार शर्ट, इस्त्री करून, घडी घालून, वर दाढीचं सामान. परतीच्या फॉर्मवर 'परत येणारं सामान' असा रकाना आहे. त्यात बायकोच्या अक्षरात: खुर्च्या तीन. माणूस एक, तो आधीच तिथे पोचला आहे. आणि 'कारण' या रकान्यात: मागितलं ते हे नव्हतं.

खाली सासूबाईंची सही. घर त्यांचं, तेव्हा सही त्यांची लागते. अक्षर वाकडं आहे, उभ्याने केलेली असावी.

गोडाऊनवाल्याला विचारलं, बसायचं कुठे? त्याने मान फिरवून खुर्च्या दाखवल्या. म्हणाला, दुसरी खुर्ची नाही आली तुमच्यासाठी, यातली घ्या कुठलीही, धुतलेली बघून.

शर्ट उचलून बाजूला ठेवले आणि तिसरीवर बसलो. साहेबांचं पत्र काढून परत वाचलं, शब्द न् शब्द, शांतपणे. स्वतंत्र जागा: हा अख्खा कोपरा माझा. बसण्याची व्यवस्था: ही. मेव्हण्याचा नियम लावून बघितला, वरून खाली आणि खालून वर. कुठेही लाल रेघ येत नाही.